तुरीच्या डब्यातली लेन्स

श्री

मु. आर्णी, गुरुवार
(तारीख तुही बहीण अपेक्षा टाकणार होती. तीही विसरली तं समज, हा तुमच्या घराण्याचा गुण आहे, माह्या माहेरचा नाही.)

चिरंजीव ऋतिकले कोकिळा आजीचा आशीर्वाद, डोक्यावर हात ठेवून. डोक्यावरच काहून, तं बिघाड तिथंच आहे.

बेटा, बदाम पोचले का? तुह्या बापानं सोमवारी नागपूरच्या गाडीत कंडक्टरजवळ दिलते. पोचले असतील अन् पुडा कुठं ठेवला हेच आठवत नसेल, तं आधी उशीखाली पाहा. रोज सात भिजवायचे, सकाळी सालं काढायची, चावून चावून खायचे. तू पोळ्याले घरी आला अन् जाताना टॉवेल विसरला, चार्जर विसरला, मायनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या ओट्यावर विसरला (त्या आम्ही विसरलो नाही), अन् शेवटी दोस्ताची मागून आणलेली लेन्सच इथं सोडून गेला. वरून फोनवर म्हणते कसा, आजी, मी माह्या हातानं बॅगेत टाकली होती, मले चांगलं आठवते. ज्याले चांगलं आठवते तो टॉवेल ठेवून जात नाही बापू. म्हणून हे पत्र मिळाल्यावर आधी तू कोण, कोणाचा नातू, अन् आर्णी कोणत्या जिल्ह्यात आली हे आठवून घे, मंग पुढं वाच.

इकडे सारे खुशाल. कपाशीले बोंडं धरली, सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, तुह्या मायची कंबर महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकानं धरली होती ती सुटली. माहे गुडघे आपल्या मर्जीनं चालतात. शुगर डॉक्टर सांगते त्यापेक्षा जास्त अन् मी घरात सांगतो त्यापेक्षा भल्ली जास्त आहे. (अपेक्षा, हे खोड.) (खोडलं. — अपेक्षा) तू काय खाऊन राह्यला, त्या दोन मिनिटातल्या शेवयाच ना? फोटोत पाह्यलं तं गालफाडं बसलेले दिसतात. दुसऱ्याचे फोटो काढणाऱ्यानं आपलंही तोंड कधी आरशात पाहावं.

आता फोन असताना पत्र कायले, असं तू म्हणशीन. फोनवर तू हाव आजी, हाव आजी करते अन् मागून कॉम्प्युटरच्या बटनांचा टकटक आवाज येते. पत्राले मधातच हाव म्हणून तोडता येत नाही. बोलतो मी, लिहिते अपेक्षा. मले अक्षर येत नाही पण मोजता येते. मी एक घडी बोलली अन् कागदावर दोनच ओळी उमटल्या, की मले समजते पोट्टीनं मधातलं गिळलं. तिले ते पुन्हा लिहायले लावतो. म्हणून हे पत्र लांबलं तं दोष माहा नाही, तिच्या इमानाचा आहे.

तं लेन्सची गोठ. तुह्या त्या सलीलले ती विकायची आहे. त्यानं तुह्याजवळ पाहायले ठेवली, घटस्थापनेपर्यंत घे नाही तं परत दे म्हटलं. तू तुह्या बापाले विचारलं. माह्या अमरनं जन्मात कोणतीच गोष्ट आपल्या डोक्यावर घेतली नाही, तो म्हणे, आई म्हणेल तसं. झालं! जिले कागदावरचा अ वळखू येत नाही, तिच्यापुढं लेन्सचा न्याय आला. (किंमत मी लिहायले सांगतली होती, पण शून्यं काढता काढता अपेक्षाचा हात थांबला. राहू दे.) तू त्या दिवशी मांडी घालून मले जे समजावलं, ते सारं ध्यानात आहे, अन् मी बदाम खात नाही. ही लेन्स लांबचं जवळ आणत नाही. जवळचं पाहिजे तं आपल्या पायानं जवळ जा. पण लहानशा खोलीत लई पसारा एका फोटोत मावते, अन् अंधारात फ्लॅश न मारता दिसते. मी म्हटलं, अंधारात तं मांजरीलेही दिसते, अन् तिले दूध पुरते. तू रुसला. पण बेटा, न्याय करायचा म्हणजे दोन्हीकडून तपासावं लागते.

पहिली तपासणी पोळ्याची, ती तूच केली. धरमसिंगनं तांड्यावरून त्याचा ढवळा सजवून आणलता. शिंगाले बेगड, पाठीवर आरशांची झूल, कपाळावर गोंडा, साऱ्या तोरणात त्याच्यासारखा बैल नव्हता. तुह्या जुन्या लांबुडक्या लेन्सनं तू त्याचा फोटो पानठेल्यावरून बसल्या बसल्या काढला असता. पण ह्या नव्या लेन्सनं बैल एवढासा दिसे, म्हणून तू एक पाऊल गेला, मंग दोन, मंग त्याच्या नाकासमोर जाऊन उकिडवा बसला. ढवळ्याले वाटलं, पोट्टा काही खायले देऊन राह्यला. त्यानं लेन्सवर अशी जीभ फिरवली की तू चीत पडला, अन् कुठं पडला ते मी लिहायले लावत नाही, तुही पँट मायनं तीन पाण्यात धुतली. तरी एक फोटो निघालाच. तो तू धरमसिंगच्या मोबाइलवर टाकला, त्यानं तो हौसेनं दिग्रसच्या पाहुण्यांले पाठवला, अन् संध्याकाळपर्यंत चार जागचे फोन आले की बैलाच्या तोंडाले सूज काहून आली, डॉक्टरले दाखवलं का. धरमसिंग दुसऱ्या दिवशी माह्या ओसरीवर येऊन बसला. तो मले याडी म्हणते, त्याच्या बोलीत आई. "याडी," म्हणे, "तुह्या नातवानं माह्या बैलाचं पुढून नगारा केला अन् मागून बकरी. असा बैल बाजारात नेला तं लोक शेपटी शोधतील." मी त्याले चहा दिला, समजूत घातली की बैल तोच आहे, पोट्टाच जरुरीपेक्षा जास्त जवळ गेला. तं पहिला निकाल लेन्सच्या विरोधात.

दुसरी तपासणी महालक्ष्म्यांची. तेव्हा तू नव्हता, पण लेन्स होती. (ती सुखरूप आहे, काळजी करू नको. माह्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळून तुरीच्या डब्यात ठेवली, वरून कडुलिंबाचा पाला. अपेक्षा म्हणे लेन्सले बुरशी लागते. कडुलिंबात तुरीले वर्षभर कीड लागत नाही, तं काचेले काय लागते!) तुहा जुना कॅमेरा घरी पडूनच असते. अपेक्षानं दोन्हीची गाठ मारून दिली अन् लेन्स त्याले बरोबर बसली. मी काही बोलली नाही. न्याय करणाऱ्यानं मधात बोलू नये.

आपली ती खोली तुले माहीत आहे. मखर, मखरात ज्येष्ठा-कनिष्ठा, त्यांचे लेकरं, पुढं फराळाचे ताटं, एका बाजूले धान्याची कोठी. इतकं झाल्यावर माणसाले पाय ठेवायचा तं श्वास आत घेऊनच. मागच्या वर्षी तू दारात उभा राहून फ्लॅश मारला होता. त्या अल्बमात साऱ्या बायांचे डोळे मिटलेले, अन् महालक्ष्म्यांचे मुखवटे असे पांढरेफट की दोघींले नुकताच ताप येऊन गेला. ह्या वर्षी पंगत बसली, सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरण वाढून झालं, सवाष्णींनी पहिला घास उचलला अन् लाइट गेली. महालक्ष्म्यांपुढच्या दोन समया तेवढ्या उरल्या. तुही माय टॉर्च शोधायले धावली, बसंतीबाई शेजारीण अंधारात म्हणे, कोणाचं ताट आहे हे, माह्या हातात तं दोन पापड आले! साऱ्या हासल्या. अन् अपेक्षा कोठीले पाठ लावून, पोट आत ओढून, त्या दोन पंगतींच्या मधातून मांजरीसारखी फिरत होती. कोणाच्या ताटाले पाय लागला नाही. कोणी पदर सावरला नाही. घरची पोट्टी आहे, आंबील वाढायले वाकली का फोटो काढायले, कोणाले फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी साऱ्या बायांले बोलावून टीव्हीवर फोटो लावले. आधी मले वाटलं, आता माह्या घरातून शेजारच्या बाया कायमच्या तुटल्या. बसंतीबाई फोटोच्या अगदी काठावर बसलती, अन् ह्या लेन्सले काठावरच्या माणसाशी काय वैर आहे कोणास ठाऊक, तिले अशी ताणली की एकटीत दोन बसंतीबाया निघतील. ती टीव्हीजवळ जाऊन पाहे, लांब जाऊन पाहे, चष्मा काढून पाहे. "कोकिळाबाई, मी श्रावणभर सोमवार केले," म्हणे, "हे कोणाचं आंग आहे?" मधात बसलेल्या साऱ्या सडपातळ. आता आपल्या आळीत कोणाकडंही फोटो निघाला तं बसंतीबाई कोपरानं ढकलत मधात घुसते. अन् तुहा बाप! कढीचा डाव घेऊन तो कॅमेऱ्याजवळ वाकला होता. डाव असा लखलखीत आला की त्याच्यावरचा कढीपत्ता मोजून घ्या, अन् मागं अमर म्हणजे निरं धुकं. तो म्हणे, माहा चेहरा कुठं गेला? मी म्हटलं, पंगतीत कढीचं काम असते, वाढणाऱ्याचं तोंड कोण पाहते. दुसराही निकाल विरोधात जाऊन राह्यला होता, खरं सांगतो.

मंग तो एक फोटो आला. आपल्या मागच्या आळीतल्या रत्नप्रभाबाई तुले ठाऊक आहेत, तहसीलात बत्तीस वर्षं काढली, भले भले अर्ज घेऊन त्यांच्यासमोर घाम पुसत. त्यांच्या लेकीचं, गौरीचं लग्न ठरलं, दिवाळीनंतरचं आहे, तं सवाष्णींच्या पंगतीशेजारी पोरगी म्हणून तिची ही शेवटची महालक्ष्मी. फोटोत रत्नप्रभाबाई बसंतीबाईशी बोलून राह्यल्या, लक्ष तिकडे, अन् हात मात्र आपल्या ताटातली अर्धी पुरणपोळी गौरीच्या ताटात ठेवून राह्यला. न पाहता. लेकीच्या लहानपणापासून तो हात तसाच जात असेल, त्याले पाहायची जरूर नाही. अन् गौरी त्या हाताकडे पाहून राह्यली. समईचा उजेड तेवढ्यावरच. बाकी साऱ्या सावलीत. तिथं मीही बसलती बेटा, दोन हातांवर, अन् मले हे दिसलं नव्हतं. टीव्हीपुढं रत्नप्रभाबाईंनी पदर नाकाले लावला, म्हणे उदबत्तीचा धूर लागला. उदबत्ती विझून घटका झालती.

त्यांनी विचारलं, हा कोणी काढला? तं आपली अपेक्षा म्हणते, दादाची लेन्स चांगली आहे. मी तिले चिमटा काढला. लेन्स काय पाय फुटून कोठीजवळ जाऊन बसलती? (आजी, एवढं नको. — अपेक्षा) (मोजून राह्यली मी. लिही.) तीन वर्षं झाले, ही तुही बहीण तुह्या मागं लाइटचा दांडा धरून लग्नं हिंडते. मारेगावच्या लग्नात काय झालं ते तू विसरला असशीन, मी सांगतो. हळदीच्या खोलीत बायांनी तुले पाय ठेवू दिला नाही, अन् बरोबर केलं. तू उंबऱ्याबाहेरून लांबुडकी लेन्स रोखली, तं अल्बमात काय आलं, अकरा पाठी अन् एक पितळी परात. नवरीचा एक कान. ही पोट्टी मात्र दांडा घेऊन आत होती. साऱ्या बायांच्या मधात, नवरीपासून एका हातावर. तिच्या हातात दांडा होता, कॅमेरा नव्हता.

तं माहा न्याय ऐक. ही लेन्स माणसाले जवळ जायले लावते. जो जवळ गेला तरी कोणाले खुपत नाही, त्याच्या हाती ती जमते. जो जवळ जाऊन उकिडवा बसते अन् बैलाच्या जिभेनं चीत पडते, त्यानं आपली लांबुडकी घेऊन पानठेल्यावर बसावं. म्हणून तुह्यासाठी ही लेन्स घेण्यासारखी नाही. राग मानू नको. तू नवरा-नवरीचे हार घालतानाचे फोटो चांगले काढते, ते दुरूनच काढायचे असतात. जेवण वेळेवर कर, गाडी हळू चालव, अन् बदाम विसरू नको.

तुही आजी,
कोकिळा
(आंगठा आजीचा, शाई बापाच्या स्टॅम्पपॅडची)

ता. क. न्याय ऐकून अपेक्षानं हाव आजी, बरोबर आहे म्हटलं, पेनाले टोपण लावलं अन् कागदाची घडी घालायले लागली. अक्षर येत नसलं तरी तोंड वाचता येते मले. म्हणून पेन पुन्हा उघडायले लावलं. तुह्यासाठी घेऊ नको म्हटलं मी, घेऊच नको असं कुठं म्हटलं? रत्नप्रभाबाईंनी गौरीच्या हळदीचे फोटो अपेक्षाले सांगतले आहेत. हळद त्यांच्या मधल्या खोलीत आहे, खिडकी नाही, पुरुष माणसाले मनाई. ही लेन्स असेल तंच जमते, घटस्थापनेले परत गेली तं पोट्टी पुन्हा दांडा धरीन. तुह्या बापाले विचारलं तं तो म्हणे, लेन्स ऋतिकनं आणली, तो म्हणेल तसं. म्हणजे आता न्याय माह्याकडून तुह्याकडे आला. घे तिच्यासाठी. लेन्स आर्णीतच राहीन, तुले लागली तं बहिणीले विचारून नेत जा. गौरीच्या हळदीले तूही ये. लाइट धरायची जरूर नाही, हिले अंधारात दिसते. तू दाराबाहेर बायांच्या चपला सांभाळ.
(दादा, तू नाही म्हटलं तरी चालते. पण नाही म्हणू नको. — अपेक्षा)

ता. क. दुसरा. लेन्स तू विसरला नव्हता. तू बॅगेतच टाकली होती, आपल्या हातानं, मी पाह्यलं. तू पुरणपोळीवर तूप ओतून घेत होता तेव्हा मी बॅगेची चेन उघडली. एकटी लेन्सच मागं राह्यली तं तुले शंका आली असती, म्हणून टॉवेल अन् चार्जरही मीच काढले. पोट्टी तीन दिवस त्या लेन्सकडे पाहे अन् हात मागं घे, ते मले पाहवलं नाही. (आजी! मले आत्ता समजून राह्यलं. — अपेक्षा) पुरणपोळ्या मात्र तू खरंच विसरला.

ता. क. शेवटचा. तं तुही याददाश्त ठीक आहे, बदाम खाणं बंद कर अन् उरलेले परत पाठव. अपेक्षा म्हणते लेन्सचा आपला एक मऊ अस्तराचा डबा असते, तो सलीलकडून मागून घे अन् त्यातच पाठव. बदाम वर दिसतील असे, खाली कागद, अन् कागदाखाली अर्धा किलो संत्रा बर्फी. लेन्सच्या डब्याले तुहा बाप हात लावत नाही, किमतीच्या शून्यांले भेते. बर्फी ताजी अन् मऊ पाहून घे, माह्या तोंडात वर दोन अन् खाली तीनच दात उरले, अन् त्यातला एक हालते.